पडद्यावरचा घाट : निवांत भेटण्याच्या जागा कशा घडतात?



"तू कम्प्युटरमधला माणूस, तेव्हा पुस्तिकेसाठी तुझ्या विषयातलं काहीतरी लिही, पण आम्हाला कळेल असं लिही हं!" अशी प्रेमळ ताकीद मला मिळाली आहे. विषय शोधायला मात्र फार लांब जावं लागलं नाही. गेली काही वर्षं तो माझ्या घरातच आहे.

मस्कतमधला जुलै आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. संध्याकाळी सात वाजतासुद्धा बाहेर भट्टी पेटलेली. मुलं घरात, टॅब्लेट हातात, आणि आपण "बंद कर ते!" म्हणून ओरडणार. ज्यांना जमतं ते खरीफच्या दिवसांत हजार किलोमीटर गाडी हाकत सलालाला जातात. तिथली भुरभुर, धुकं, हिरवे डोंगर पाहिले की कोकणात आल्यासारखं वाटतं. पण ते वर्षातले चार दिवस. बाकीच्या दिवसांत आपला पार, आपला कट्टा, आपला नदीकाठ कुठे?

तर मंडळी, हा लेख अशा जागांबद्दल आहे. इंटरनेटवर निसर्गाचं चित्र उभं करून त्यात माणसांना निवांत भेटता यावं, म्हणून घडवलेल्या जागा. खेळ म्हणा, आभासी जग म्हणा. त्या कशा घडवतात, कशामुळे फसतात आणि कशामुळे जमतात, एवढंच सांगायचा विचार आहे.

१. मला हा विषय का शिकावा लागला

माझे आई-बाबा वाईला असतात. बाबा निवृत्त शिक्षक. रोज संध्याकाळी गणपती घाटावर जाऊन बसायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. २०१९ च्या अखेरीस त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण शब्द बाहेर येत नसे.

पुढे मार्च २०२० मध्ये विमानं बंद झाली, आणि १० एप्रिलपासून मस्कतच्या हद्दी बंद झाल्या. त्याआधी इंटरनेटवरून फुकट व्हिडिओ कॉल इथून सहजासहजी लागत नसत, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. त्या काळात काही सेवा खुल्या झाल्या, आणि घरोघरी व्हिडिओ कॉल सुरू झाले. आमच्याकडेही झाले. पण ज्या माणसाला बोलता येत नाही त्याच्यासाठी व्हिडिओ कॉल म्हणजे शिक्षाच! समोरून आम्ही चौघे "बाबा, कसे आहात? जेवलात का?" म्हणून विचारणार आणि ते नुसते बघणार. दोन मिनिटांत त्यांचे डोळे भरून यायचे. मग ते डाव्या हाताने फोन बाजूला सारायचे.

मी मनाशी म्हटलं, बाबा घाटावर तरी कुठे फार बोलायचे? शेजारी कुणीतरी बसलेलं असायचं, समोर पाणी असायचं, झालं. तसं शेजारी बसणं इंटरनेटवरून देता येईल का?

२. कल्पना जुनीच आहे

एकाच वेळी अनेक माणसं ज्यात वावरतात असं संगणकावरचं जग तसं नवं नाही. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचं असं जग घडवलं. त्यात चित्रं नव्हती, सगळं अक्षरांत लिहिलेलं. पुढे चित्रं आली, लढाया आल्या, गुण आले, आणि बहुतेक ऑनलाइन खेळ म्हणजे तलवारी नाहीतर बंदुका असं समीकरण झालं.

पण एक छोटी पायवाट निराळीकडे गेली. २००५ साली बेल्जियममधल्या ऑरिया हार्वी आणि मिखाएल सामीन या जोडप्याने 'द एंडलेस फॉरेस्ट' नावाचं जंगल इंटरनेटवर सोडलं. त्यात प्रत्येक खेळाडू म्हणजे एक हरीण. जिंकायचं काही नाही, गुण नाहीत. बोलण्याची सोय मुद्दामच ठेवलेली नाही. डोक्यावर नावाऐवजी एक चिन्ह. जंगलात फिरायचं, झाडाला शिंगं घासायची, दुसऱ्या हरणाशेजारी जाऊन झोपायचं. संगणक रिकामा असला की स्क्रीनसेव्हर म्हणूनही हे जंगल चालायचं.

दुसरं उदाहरण जास्त ओळखीचं आहे. जपानमधल्या निन्टेन्डो कंपनीत कात्सुया एगुची नावाचे गृहस्थ नोकरीला लागले, तेव्हा त्यांना चिबा सोडून क्योटोला जावं लागलं. घरची माणसं आणि मित्र मागे राहिले. त्या चुटपुटीतून त्यांनी असा खेळ रचला की जिथे घरातली माणसं वेगवेगळ्या वेळी येऊन एकमेकांसाठी काहीतरी ठेवून जाऊ शकतील. तो २००१ साली जपानमध्ये आला. त्याचाच पुढचा अवतार म्हणजे 'ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स'. हा २० मार्च २०२० ला आला, म्हणजे जग घरात कोंडलं जात असताना. एक बेट, झाडं, मासे, समुद्र आणि भेटीला येणारे मित्र. लोकांनी त्यात वाढदिवस केले, लग्नंसुद्धा लावली. नोकरीसाठी घर सोडलेल्या माणसाने रचलेला खेळ आहे, हे कळल्यावर मला तो आपल्यातलाच वाटू लागला.

३. निसर्गच का?

अभ्यास म्हटला की थोडं शास्त्र आलंच. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक तीव्र औषधंही कमी लागली.

याचं कारण रेचेल आणि स्टीफन कॅपलान या अभ्यासक दांपत्याने फार सोप्या रीतीने मांडलं. ऑफिसचं काम, रहदारी, ईमेल यांत लक्ष ओढून-ताणून लावावं लागतं, आणि ते थकतं. वाहतं पाणी, हलणारी पानं, ढग यांच्याकडे मात्र लक्ष आपणहून जातं, अलगद गुंततं, आणि थकलेल्या मनाला विसावा मिळतो.

आता कुणी म्हणेल, मग झालं तर! मोठ्या टीव्हीवर धबधबा लावून ठेवा. इथे एक मेख आहे. २००८ मध्ये पीटर कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचीच परीक्षा घेतली. काही लोकांना निसर्ग दिसणाऱ्या खऱ्या खिडकीशेजारी बसवलं, काहींना तेच दृश्य थेट दाखवणाऱ्या मोठ्या पडद्यासमोर, आणि काहींना कोऱ्या भिंतीसमोर. थोडा ताण देऊन हृदयाचे ठोके किती लवकर खाली येतात ते मोजलं. खरी खिडकी जिंकली. आणि पडदा? या मोजमापात तो कोऱ्या भिंतीपेक्षा सरस ठरला नाही!

हे वाचून मी आधी खट्टू झालो. मग लक्षात आलं की नुसत्या देखाव्यावर फार विसंबायचं नाही, हाच तर धडा आहे. पडद्यावरचं झाड कितीही हुबेहूब काढलं तरी ते झाड नव्हे. पण पडद्यापलीकडे बसलेलं माणूस मात्र खरं असतं.

४. माझा फसलेला घाट

हे शहाणपण मला नंतर सुचलं. आधी मी काय केलं ते ऐका, हसाल!

एप्रिल-मेच्या रात्री जागून मी ब्राउझरमध्ये चालणारा एक घाट बनवला. नदी, पायऱ्या, पिंपळ, पलीकडे डोंगर. इंजिनियरच तो, हात आखडता कशाला घेईल? फुलं गोळा केली की गुण. आज कोण आलं होतं त्याची यादी. गप्पांसाठी चौकट. दोन्ही अंगठ्यांनी चालवायचा माणूस. कुणी आलं की फोनवर टिंग!

चार दिवस सगळे आले. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "अरे, तिथं गेलं की काहीतरी करायलाच लागतं. आणि नाही गेलं की तू यादी बघून विचारणार, का नाही आलीस म्हणून. नुसतं बसायचं कुठं?"

बाबांचं तर त्याहून वाईट झालं. दोन अंगठ्यांचं काम एका डाव्या बोटाने कसं व्हावं? त्यात माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने दगड मारायची युक्ती शोधून काढली. तो नेम धरून आजोबांच्या माणसाला दगड मारायचा आणि तो माणूस पायऱ्यांवरून घरंगळायचा. पोराला गंमत वाटायची. बाबांनी टॅब्लेट उलटा करून ठेवला, आणि आठवडाभर हातात घेतला नाही.

चूक भाच्याची नव्हती. ढकलता येईल अशी सोय मी ठेवली, म्हणून त्याने ढकललं.

नेमका हाच अनुभव मोठमोठ्या लोकांनाही आलेला आहे, हे नंतर वाचून जरा धीर आला. २०१२ साली आलेला 'जर्नी' हा वाळवंटातल्या प्रवासाचा खेळ. वाटेत एखादा अनोळखी सोबती भेटतो. त्याचं नाव दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. खेळाचे कर्ते जेनोवा चेन यांनी सांगितलं आहे की सुरुवातीच्या नमुन्यात खेळाडूंना एकमेकांना धक्का देता येत होता. परिणाम? एकमेकांना मदत करायची सोडून लोक एकमेकांना खड्ड्यात ढकलायला लागले! तेव्हा त्यांनी धक्का काढून टाकला आणि त्याऐवजी असं केलं की दोघे जवळ आले की दोघांच्याही गळपट्ट्यात उडण्याची शक्ती भरते. माणसं तीच राहिली, पण आता ती एकमेकांना शोधायला लागली.

५. मग काय बदललं

मी एकेक गोष्ट काढत गेलो. तेच पाच धडे म्हणून देतो.

पहिला धडा : त्रास देता येईल अशी सोयच नको. "कृपया त्रास देऊ नये" अशी पाटी लावून उपयोग नाही. आमच्या घाटावर आता दगड फक्त पाण्यात पडतो. 'ॲनिमल क्रॉसिंग'मध्येही पाहुण्याला तुमच्या बेटावर कुऱ्हाड आणि फावडं चालवता येत नाही. 'जिवलग मित्र' म्हणून तुम्ही परवानगी दिली तरच चालवता येतं.

दुसरा धडा : बोलण्याची सक्ती नको. गप्पांची चौकट काढली. माणसंही काढली आणि त्यांच्या जागी बगळे ठेवले. माणसाचा चेहरा जरा चुकला की भेसूर दिसतो, बगळा कसाही काढा, चालतो. दोन बगळे शेजारी आले की पायरीवरची पणती लागते. पाण्यावर बोट टेकवलं की डुबुक, आणि लाटांची वर्तुळं. बस.

तिसरा धडा : हिशेब नको. गुण, यादी, टिंग, सगळं गेलं. कोण किती दिवस आलं नाही, हे घाट कुणाला सांगत नाही.

चौथा धडा : वेळ खरी असावी. भारत आपल्यापेक्षा दीड तास पुढे. घाटावर कुठलं घड्याळ लावायचं यावर आमच्याकडे चर्चा झाली, आणि वाईचं लावलं. इथे पाच वाजता मी काम संपवून बसतो, तेव्हा तिथे साडेसहाची तिन्हीसांज असते. बहिणीने खऱ्या घाटावर जाऊन पाण्याचा, कावळ्यांचा, देवळातल्या घंटेचा आवाज टिपून पाठवला. माझ्या सगळ्या चित्रकारीपेक्षा तो आवाज जास्त कामाला आला.

पाचवा धडा : सहज उठून जाता यावं. बगळा उडून जातो. निरोप नाही, "थांब ना" नाही. अंधार पडला की घाटही शांत होतो आणि नवीन काही घडत नाही. मुलांना पडद्याला चिकटवून ठेवणारे खेळ नेमकं याच्या उलट करतात.

तांत्रिक बाजू अगदी साधी आहे. प्रत्येक बगळा कुठे आहे आणि कुठे बोट टेकलं, एवढेच चार आकडे इकडून तिकडे जातात. व्हिडिओ कॉलच्या मानाने डेटा काहीच लागत नाही. गावाकडचं नेट रडतखडत असलं तरी चालतं.

६. आपल्या माणसांना हे आधीच माहीत होतं

हे सगळं जुळवताना मला सारखी एक गोष्ट आठवायची. नोकरीच्या पहिल्या वर्षी मित्रांबरोबर बिरकत अल मौजला गेलो होतो. खजुराच्या बागा, आणि त्यातून झुळझुळणारा फलज. तिथल्या फलज अल खतमीनसह ओमानमधले पाच फलज २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि देशात असे सुमारे तीन हजार फलज वाहते आहेत.

फलज म्हणजे पाण्याचा नुसता पाट नव्हे. पाणी गावात शिरतं तिथे आधी पिण्याची जागा, मग मशीद, अंघोळीच्या जागा, आणि शेवटी बागा. वरच्याने पाणी घाण केलं तर खालच्याचं काय, हा प्रश्न भांडून सोडवायचा नसतो, तो रचनेतच सोडवलेला असतो. बागांचं पाणी वेळेच्या वाट्याने मिळतं. दिवसा सावली बघून आणि रात्री तारे बघून वाटे मोजायची पद्धत होती. पाण्याचा धनी आणि गरीब शेतकरी दोघेही त्याच सावलीकडे बघणार! आणि गावाची सबला म्हणजे बैठकीची जागा. तिथे कहवा आणि खजूर पुढे येतात, आणि येणाऱ्याने लगेच बोललंच पाहिजे असं काही नसतं.

आपल्याकडे देवराई आहे. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा अभ्यासकांचं लक्ष तिकडे गेलं. पण गावकऱ्यांना नियम पिढ्यान्‌पिढ्या पाठ होता : इथे कुऱ्हाड चालवायची नाही. पहारेकरी नसतो, देव असतो. त्या एका नियमामुळे जंगलही राहिलं आणि गावाला एकत्र यायला सावलीची जागाही राहिली.

आमच्या धंद्यात ज्याला आम्ही मोठ्या ऐटीत 'डिझाईन' म्हणतो, ते फलज बांधणाऱ्यांनी आणि देवराई राखणाऱ्यांनी आपल्या आधी करून ठेवलं आहे. माणसांना निवांतपणा देखाव्यातून थोडाच मिळतो. तिथे एकमेकांशी कसं वागता येतं आणि कसं वागताच येत नाही, त्यातून तो जास्त मिळतो.

७. फार आशा नको, आणि सावधगिरी हवी

हे औषध नाही, एवढं स्पष्ट सांगतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये 'ॲनिमल क्रॉसिंग' आणि आणखी एका खेळाच्या खेळाडूंचा अभ्यास केला. खेळण्याचा वेळ आणि मनाचं समाधान यांत त्यांना थोडासा चांगला संबंध दिसला, तेव्हा वर्तमानपत्रांनी मोठा गाजावाजा केला. पण २०२२ मध्ये सात खेळांच्या जवळजवळ ३९ हजार खेळाडूंची पाहणी झाली, त्यात वेळेचा समाधानावर म्हणावा असा परिणाम दिसला नाही, बरा नाही आणि वाईटही नाही. म्हणजे किती तास खेळलात यापेक्षा कशासाठी आणि कुणाबरोबर, हे बघायला हवं.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक. जग कितीही हिरवंगार दिसलं तरी तिथे अनोळखी माणसं येतात का, ती मुलांशी बोलू शकतात का, आणि त्यांना बंद करायची सोय आहे का, हे पालकांनी स्वतः खेळून पाहावं. 'स्काय' नावाच्या खेळात (२०१९) अनोळखी माणूस आधी नुसती करडी आकृती दिसतो, आणि दोघांनी एकमेकांची मेणबत्ती पेटवली तरच ओळख होते. अशी पायरीपायरीची ओळख चांगली, पण मूल कुणाची मेणबत्ती पेटवतं आहे हे आपल्याला माहीत हवं.

८. शेवटी

दगड फक्त पाण्यात पडायला लागला, त्यानंतर बाबा परत आले. पहिले काही दिवस त्यांचा बगळा एका कोपऱ्यात नुसता उभा असायचा. मीही शेजारी जाऊन उभा राहायचो. पणती लागायची. एके दिवशी मी पाण्यात एक दगड टाकला. जरा वेळाने तिकडून दोन पडले. मी तीन टाकले, तिकडून चार. त्या संध्याकाळी आम्ही अकरापर्यंत गेलो. माझ्या इथल्या खोलीत मी एकटाच मोठ्याने हसत होतो, आणि आईने नंतर फोनवर सांगितलं की बाबाही हसत होते.

त्यांची वाचा यातून परत आली नाही. ती व्यायामाने, वाचा-उपचारांनी थोडी आली, चार-सहा शब्द. पण त्या दीड वर्षात रोज संध्याकाळी वीस मिनिटं आम्ही बरोबर बसलो. २०२१ च्या डिसेंबरात मला घरी जाता आलं. दुसऱ्या दिवशी बाबांना खुर्चीत बसवून गणपती घाटावर नेलं. ते बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग त्यांनी डावा हात पुढे केला आणि तळवा उघडा धरला. मला आधी कळेना. आई म्हणाली, "अरे, दगड मागताहेत." मी एक खडा त्यांच्या हातात ठेवला.

आपल्यापैकी प्रत्येकाचं कुणी ना कुणी लांब आहे, आणि त्यातल्या काहींना फोनवर बोलणं जमत नाही. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला आठवत नाही, कुणाला शब्द सापडत नाहीत. त्यांच्यासाठी प्रोग्रॅमिंग यायलाच हवं असं नाही. वेळ ठरवा, रोजची एकच. दोन्हीकडे एकच नदी, एकच बाग किंवा गावाकडच्या अंगणातला आवाज लावा. प्रश्न विचारू नका. बरोबर बसा, आणि कंटाळा आला की उठा. ज्यांना आमचा घाट हवा असेल त्यांनी मंडळाच्या कार्यक्रमात मला गाठावं. बगळे हवे तितके आहेत, फुकट देतो!